डबा बदलतो, वही राहते: कंटेनरमधल्या डेटाबेसची गोष्ट

आज आपण एका साध्या प्रश्नाचा इतिहास बघणार आहोत. डेटाबेस कंटेनरमध्ये चालवावा का? आणि चालवायचाच, तर सुरुवात कुठून करावी?

इंदूर, बडोदा, हैदराबाद इथल्या कॉलेजांत शिकणारी मराठी मुलं मला हा प्रश्न विचारतात, पुण्यातलीही विचारतात. उत्तर म्हणून त्यांना बहुतेक ठिकाणी एका ओळीची कमांड मिळते. ही टाइप करा, मिनिटभरात डेटाबेस सुरू. कमांड बरोबरच असते, डेटाबेस खरोखर सुरू होतो. पण त्या एका ओळीत दोन वेगळ्या घराण्यांची गाठ पडलेली असते. एका घराण्याचं सगळं आयुष्य लक्षात कसं ठेवायचं या विचारात गेलं. दुसऱ्याचं गेलं सहज टाकून कसं देता येईल या विचारात. हे माहीत नसलं तर सुरुवात सोपी जाते आणि तिसऱ्या महिन्यात डोक्याला हात लावायची वेळ येते. म्हणून आधी गोष्ट सांगते, मग कमांडकडे वळू.

लक्षात ठेवणाऱ्यांचं घराणं

१९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी एक शोधनिबंध लिहिला. तोपर्यंत संगणकातली माहिती शोधायची तर ती नेमकी कशी रचून ठेवली आहे, कोणत्या नोंदीवरून कोणत्या नोंदीकडे जायचं, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठाऊक असावं लागे. कॉड म्हणाले, माहिती तक्त्यांत मांडा. काय हवं ते माणसानं सांगावं, ते कसं शोधायचं हे यंत्रानं बघावं. या विचारातून आयबीएममध्ये सिस्टिम आर आणि बर्कली विद्यापीठात इंग्रेस असे दोन प्रकल्प उभे राहिले. इंग्रेसचे एक प्रमुख मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये त्याच विद्यापीठात पुढचा प्रकल्प सुरू केला. इंग्रेसच्या नंतरचा, म्हणून नाव पोस्टग्रेस. १९९६ मध्ये त्याचं पोस्टग्रेसक्यूएल झालं. आज आपली मुलं कंटेनरमध्ये जो डेटाबेस चालवतात, तो पुष्कळदा हाच असतो.

या घराण्याला सगळ्यात जास्त छळलेला प्रश्न कोणता? काम अर्धवट झालेलं असताना वीज गेली तर? तुमच्या खात्यातून ५०० रुपये वजा झाले, माझ्या खात्यात जमा व्हायचे होते, आणि तेवढ्यात यंत्र बंद पडलं. ते ५०० रुपये कुठे गेले?

याचं उत्तर समजायला आपल्याला परदेशी उदाहरण नको. आपल्या पेढीवरचा मुनीम दोन वह्या ठेवायचा. एक कीर्द आणि दुसरी खतावणी. व्यवहार झाला की तो आधी कीर्दीत उतरायचा, घडला त्या क्रमानं. मग सवडीनं खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर जायचा. खतावणीचं पान खराब झालं तरी कीर्द शाबूत असेल, तर सगळी खाती पुन्हा मांडता येतात. डेटाबेस हेच करतो. खऱ्या तक्त्यात बदल उतरण्याआधी तो एका लॉगमध्ये लिहितो, तो लॉग डिस्कवर पोचल्याची खात्री करून घेतो, आणि मगच तुम्हाला ‘झालं’ असं सांगतो. यंत्र पुन्हा सुरू झालं की लॉग वाचून सगळं जागेवर आणतो.

ही पद्धत १९९२ मध्ये एका दीर्घ निबंधात अत्यंत बारकाईनं मांडली गेली. तिचं नाव एरीज. त्या निबंधाचे पहिले लेखक सी. मोहन, आयआयटी मद्रासचे विद्यार्थी, तेव्हा आयबीएममध्ये संशोधक होते. पुढच्या कितीतरी डेटाबेसांनी त्यातून धडे घेतले. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये अशी कीर्द २००१ साली, ७.१ या आवृत्तीत आली.

म्हणजे बघा, वीज जाणं, यंत्र कोसळणं, प्रोग्रॅम मध्येच मरणं, या सगळ्यातून उठून उभं राहायला डेटाबेस शिकला. पण या साऱ्या विद्येच्या तळाशी एक गोष्ट गृहीत होती. यंत्र मेलं तरी डिस्क जागेवर असेल. कीर्द जिथे ठेवली, तिथेच सापडेल.

टाकून देणाऱ्यांचं घराणं

आता दुसरं घराणं. १९७९ च्या सुमारास, युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत सीएचरूट नावाची एक सोय आली. एखाद्या प्रोग्रॅमला सांगायचं की हा फोल्डर म्हणजेच तुझं सगळं जग, याच्या बाहेर काही नाही. पुढे २००० साली फ्रीबीएसडी या प्रणालीत जेल आलं. एका यंत्रावर अनेक ग्राहकांच्या वेबसाइटी ठेवायच्या आणि एकानं दुसऱ्याच्या घरात डोकावू नये, अशी त्यामागची गरज होती. २००५ मध्ये सोलारिस १० नं झोन आणले. गूगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये लिनक्ससाठी एक काम हाती घेतलं. कुठल्या प्रोग्रॅमांच्या गटाला किती मेमरी आणि किती प्रोसेसर द्यायचा याचं रेशनिंग. आधी त्याचं नाव प्रोसेस कंटेनर होतं. ‘कंटेनर’ शब्दाचे फार अर्थ होऊ लागले म्हणून ते सीग्रुप झालं आणि जानेवारी २००८ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये दाखल झालं.

इथे एक गैरसमज दूर करते. कंटेनर म्हणजे छोटा संगणक नव्हे. तो त्याच लिनक्सवर, त्याच कर्नलवर चालणारा साधा प्रोग्रॅम असतो. फक्त त्याच्याभोवती भिंती असतात. त्याला स्वतःचेच फोल्डर दिसतात, स्वतःच्याच प्रोसेस दिसतात आणि रेशन ठरलेलं असतं. एकाच चाळीतल्या वेगळ्या खोल्या म्हणा. पाया एक, जिना एक, दारं वेगळी.

भिंती २००८ पर्यंत बऱ्याचशा तयार होत्या, पण त्या उभारायला गवंडी लागत होता. मार्च २०१३ मध्ये सांता क्लारा इथल्या पायथॉन परिषदेत डॉटक्लाउड कंपनीच्या सॉलोमन हाइक्स यांनी काही मिनिटांचं छोटं भाषण करून डॉकर दाखवलं. डॉकरनं भिंती नव्यानं शोधल्या नाहीत. त्यानं त्या पाठवता येतील अशा केल्या. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एका इमेजमध्ये बांधायचं आणि ती इमेज कुठल्याही लिनक्सवर नेऊन तशीच्या तशी चालवायची.

कंटेनर ही उपमा बंदरावरची. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन यांचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूआर्कहून ह्यूस्टनला निघालं. पेटीत काय आहे याच्याशी क्रेनला देणंघेणं नाही, पेटी ठरलेल्या मापाची हवी, एवढंच. १९८९ मध्ये आपल्याकडे न्हावा शेवा बंदर सुरू झालं. तिथे आज जे दिसतं, तोच हिशेब डॉकरनं सॉफ्टवेअरला लावला.

पण सॉफ्टवेअरच्या पेटीत एक फरक आहे. तिची इमेज अनेक थरांची असते आणि ते थर फक्त वाचायचे असतात. कंटेनर सुरू झाला की सगळ्यात वर एक कोरा पातळ थर अंथरला जातो. छापील पानावर ट्रेसिंग पेपर ठेवावा तसा. कंटेनर जे काही लिहितो, ते त्या ट्रेसिंग पेपरवर. कंटेनर काढून टाकला की तो कागदही जातो. खालचं छापील पान कोरंच राहतं.

वेब अर्जांसाठी हे वरदान होतं. सर्व्हर बिघडला? दुरुस्त करत बसू नका. टाका, नवा काढा. २०११ मध्ये हेरोकू कंपनीच्या लोकांनी ‘ट्वेल्व्ह फॅक्टर ॲप’ या नावानं बारा नियम लिहिले. त्यांतला एक असा, की अर्जाच्या प्रोसेसनं स्वतःजवळ काही साठवू नये. जे टिकायला हवं ते बाहेर, डेटाबेससारख्या सेवेत ठेवावं. म्हणजे टाकून देणं हे या घराण्यात पुण्य ठरलं. आठवण ठेवण्याची जबाबदारी? ती पलीकडच्या डेटाबेसची.

आणि मग लोकांनी डेटाबेसच कंटेनरमध्ये घातला.

गाठ पडली तेव्हा

साहजिकच होतं ते. डेटाबेस बसवणं हे कंटाळवाणं काम. एकाच्या लॅपटॉपवर एक आवृत्ती, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर दुसरी. डॉकरनं हा त्रास एका ओळीत मिटवला. पण आता वीज जाण्यापेक्षा वेगळं संकट समोर आलं. कंटेनर कोसळला तर काही बिघडत नव्हतं. कीर्द होती, डेटाबेस उठून उभा राहायचा. कंटेनर काढून टाकला तर मात्र खतावणीही गेली आणि कीर्दही गेली, कारण दोन्ही त्याच ट्रेसिंग पेपरवर लिहिलेल्या. मरणातून उठायची विद्या होती, पुसलं जाण्यावर उपाय नव्हता.

उपाय म्हणून डॉकरनं सुरुवातीलाच व्हॉल्यूम दिला. व्हॉल्यूम म्हणजे कंटेनरच्या थरांबाहेरची, मूळ यंत्राच्या डिस्कवरची जागा. ती कंटेनरच्या आत एखाद्या फोल्डरसारखी दिसते, पण कंटेनर गेला तरी राहते. अडचण अशी की त्या काळात व्हॉल्यूमला सुटसुटीत नाव देता येत नसे. मग लोकांनी युक्ती काढली. काहीही न करणारा एक कंटेनर नुसता जागा धरून ठेवायला बनवायचा आणि खऱ्या डेटाबेसच्या कंटेनरनं त्याची जागा वापरायची. रेल्वेत रुमाल टाकून सीट धरावी तसं. नोव्हेंबर २०१५ मध्ये डॉकर १.९ आलं. त्यात व्हॉल्यूमसाठी स्वतंत्र कमांड आणि नाव देण्याची नीट सोय मिळाली. रुमालाची गरज संपली, रिझर्व्हेशन आलं.

नाव देण्याला मी एवढं महत्त्व का देते, ते एका प्रसंगावरून सांगते. एका विद्यार्थ्याचा रात्री उशिरा फोन आला. त्यानं आणि त्याच्या मैत्रिणीनं मिळून आपल्या गावातल्या जुन्या वाचनालयाची नोंदवही डेटाबेसमध्ये उतरवली होती. चार महिने, रोज संध्याकाळी, जीर्ण पानांवरची मोडी वळणाची अक्षरं लावत. कोणतं पुस्तक कोणी देणगी दिलं, कोणत्या साली आलं, सगळं. त्या दिवशी त्याला फक्त पोर्टचा आकडा बदलायचा होता. त्यासाठी कंटेनर नव्यानं बनवावा लागतो, म्हणून त्यानं जुना काढला, नवा सुरू केला. डेटाबेस सुरू झाला तो कोरा. मूळ नोंदवहीची काही पानं तर हाताळताना तुटून गेली होती. ती पुन्हा वाचता येणार नव्हती.

मी त्याला पहिली गोष्ट सांगितली, की आता काहीही पुसू नकोस. कारण पोस्टग्रेसची अधिकृत इमेज एक उपकार करते. तुम्ही व्हॉल्यूम दिला नाहीत तरी ती स्वतःहून एक निनावी व्हॉल्यूम घेते. मी त्याला सगळ्या व्हॉल्यूमची यादी काढायला लावली. दोन निघाले, दोघांची नावं ६४ आकडे-अक्षरांची, माणसाला काही अर्थ न लागणारी. एक आजचा, एक चार महिन्यांपूर्वीचा. जुना व्हॉल्यूम नव्या कंटेनरला जोडला आणि वाचनालय परत आलं. तो मात्र फोन करण्याआधी ‘जागा साफ करू’ म्हणून न वापरलेले व्हॉल्यूम पुसण्याच्या कमांडपर्यंत पोचला होता.

सर्जा, राजा आणि क्युबरनेटीस

२०१४ मध्ये गूगलनं क्युबरनेटीस जाहीर केलं. शेकडो यंत्रांवर हजारो कंटेनर पसरवणारा हा मुकादम. त्या सुमारास त्या जगात एक म्हण रुळली होती. सर्व्हरांना पाळीव प्राण्यांसारखं वागवू नका, गुरांसारखं वागवा. पाळीव प्राण्याला नाव असतं, आजारी पडला तर आपण जीव टाकतो. गुरांना नुसते क्रमांक. एक गेलं, दुसरं आणलं.

ही म्हण वाचली की मला हसू येतं. आपल्याकडे गुरांना नावं असतात. सर्जा असतो, राजा असतो, पोळ्याला त्यांची शिंगं रंगवतात. त्यांच्यातला कोणता बैल कोणत्या बाजूला जुंपायचा हे ठरलेलं असतं. आणि गंमत म्हणजे डेटाबेस क्युबरनेटीसवर न्यायचा म्हटल्यावर त्यांनाही तेच करावं लागलं. डेटाबेसच्या तीन प्रती असतील तर त्या सारख्या नसतात. एक मुख्य, बाकीच्या तिच्या मागून चालणाऱ्या. प्रत्येकीला स्वतःचं नाव आणि स्वतःची डिस्क हवी, आणि ती उठून दुसऱ्या यंत्रावर गेली तरी नाव आणि डिस्क तीच राहायला हवी. म्हणून २०१६ मध्ये क्युबरनेटीस १.३ मध्ये जी सोय आली तिचं नाव चक्क पेटसेट होतं. म्हणजे पाळीव प्राण्यांचा संच. त्याच वर्षअखेरीस ते बदलून स्टेटफुलसेट झालं आणि डिसेंबर २०१७ मध्ये, १.९ आवृत्तीत, ती सोय पक्की ठरली. २०१६ मध्येच कोअरओएस कंपनीनं ऑपरेटर ही कल्पना मांडली. जाणत्या ॲडमिनच्या डोक्यातलं ज्ञान, म्हणजे बॅकअप कधी घ्यायचा, मुख्य प्रत पडली तर कोणाला पुढे करायचं, हे प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवायचं.

म्हणजे टाकून देणाऱ्यांचं घराणं लक्षात ठेवायला शिकलं. त्याला ती तीन-चार वर्षं लागली.

आता सुरुवात करू

हा इतिहास डोळ्यांसमोर ठेवलात तर सुरुवातीच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत, त्या आपोआप सुचतात.

पहिली पायरी, कंटेनरच्या आधी व्हॉल्यूम बनवा आणि त्याला अर्थपूर्ण नाव द्या. मग तो इमेजनं सांगितलेल्या जागीच जोडा. पोस्टग्रेसच्या १७ पर्यंतच्या इमेजमध्ये ती जागा एक होती, १८ पासून बदलली. त्यामुळे आपल्या आवृत्तीची माहिती वाचूनच जोडा. चुकीच्या फोल्डरला जोडलेला व्हॉल्यूम म्हणजे रिकाम्या खोलीला लावलेलं कुलूप.

दुसरी, आवृत्तीचा आकडा स्पष्ट लिहा. नुसतं ‘लेटेस्ट’ लिहू नका. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलली की जुन्या फायली ती तशाच उघडत नाही, सुरूच व्हायला नकार देते. इमेज बदलणं आणि डेटाबेस नव्या आवृत्तीवर नेणं ही दोन वेगळी कामं आहेत.

तिसरी, पासवर्ड. २०२० पासून अधिकृत इमेज पासवर्डशिवाय सहजी सुरू होत नाही. पण लक्षात घ्या, सुरू करताना दिलेला पासवर्ड फक्त व्हॉल्यूम रिकामा असतानाच लागू होतो. नंतर तो तिथे बदललात तरी आतला जुनाच राहतो, कारण तोही आता डेटाबेसच्या आठवणीचा भाग झालेला असतो.

चौथी, दार. पोस्टग्रेसचा पोर्ट ५४३२. तो साधेपणानं उघडलात तर डॉकर तो यंत्राच्या सगळ्या नेटवर्कांवर उघडतो, आणि लिनक्सवर नेहमीच्या फायरवॉलला वळसा घालूनही उघडू शकतो. फक्त आपल्याच यंत्रापुरता उघडा. २०१७ च्या सुरुवातीला पासवर्डाविना इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसून खंडणी मागितली गेली होती. ते सगळे कंटेनरमध्ये नव्हते, पण उघडं दार सगळीकडे सारखंच.

पाचवी, बंद करण्याची घाई नको. डॉकर कंटेनरला थांबण्याचा इशारा देतो, सहसा १० सेकंद वाट बघतो आणि मग सरळ मारतो. पोस्टग्रेसला नेहमीचा इशारा मिळाला तर तो जोडलेले लोक स्वतःहून जाण्याची वाट बघतो, आणि १० सेकंद सहज निघून जातात. म्हणून २०२० मध्ये अधिकृत इमेजनं इशाराच बदलला. आता तो जोडण्या तोडून लगेच नीट बंद होतो. मोठ्या डेटाबेससाठी ही मुदत वाढवून ठेवा.

सहावी, एका व्हॉल्यूमवर एकाच वेळी दोन डेटाबेस कधीही सुरू करू नका. पोस्टग्रेस स्वतःच्या फोल्डरला कुलूप म्हणून आपला प्रोसेस क्रमांक लिहून ठेवतो. कंटेनरमध्ये प्रत्येकाला आपला क्रमांक १ च दिसतो. दुसरा येतो, कुलपावर १ बघतो, ‘हे तर माझंच जुनं’ असं समजून आत शिरतो. दोन मुनीम एकाच कीर्दीत एकमेकांना न बघता लिहू लागले, तर त्या वहीचं काय होईल?

सातवी आणि शेवटची, बॅकअप. व्हॉल्यूम म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच यंत्रावर असतो, आणि एका चुकीच्या अक्षरासरशी कंटेनरबरोबर पुसलाही जातो. पीजी डंपनं प्रत काढा, दुसऱ्या यंत्रावर ठेवा, आणि महिन्यातून एकदा नव्या कोऱ्या कंटेनरमध्ये ती उघडून बघा. इथे टाकून देणाऱ्यांचं घराणं तुमच्या कामी येतं. बॅकअप तपासायला दोन मिनिटांत डेटाबेस उभा करायचा, नोंदी मोजायच्या, फेकून द्यायचा. ही चैन जुन्या काळच्या ॲडमिनना नव्हती.

मग चालवावा का?

शिकायला, चाचणीला, आपल्या लॅपटॉपवर, डोळे झाकून चालवा. खऱ्या लोकांची माहिती असेल तर मी एकच प्रश्न विचारते. हा कंटेनर मी आत्ता, या क्षणी काढून टाकला, तर काय जाईल? ‘काहीच नाही, सगळं त्या अमुक नावाच्या व्हॉल्यूममध्ये आहे, आणि त्याची कालची प्रत त्या तमुक यंत्रावर आहे,’ असं उत्तर न अडखळता आलं, तर खुशाल चालवा. उत्तर द्यायला विचार करावा लागला, तर अजून थांबा.

त्या डेटाबेसमध्ये कोणाच्या तरी दवाखान्याचे कागद असतात, पतसंस्थेतली पुंजी असते, कोणाच्या आजोबांनी वाचनालयाला दिलेल्या पुस्तकाची नोंद असते. तो कंटेनरमध्ये ठेवला होता की आणखी कशात, याच्याशी त्या माणसांना काही कर्तव्य नाही. विचारल्यावर आपलं नाव सापडावं, इतकीच त्यांची अपेक्षा.

आजचा गृहपाठ. एक नाव दिलेला व्हॉल्यूम बनवा, त्यावर पोस्टग्रेस सुरू करा, तक्त्यात दहा नोंदी घाला. मग कंटेनर काढून टाका, नवा सुरू करा आणि त्या दहा नोंदी पुन्हा वाचून बघा. हे एकदा स्वतःच्या हातानं केलंत की पुढच्या भागात आपण प्रतींकडे, म्हणजे रेप्लिकेशनकडे वळू.